बिअरचं पिंप गार ठेवायला निघाला आणि थंडीचं यंत्र देऊन गेला : कार्ल लिंडे यांची गोष्ट

विश्रांतवाडी : आळंदी रस्त्यावरच्या एखाद्या डेअरीत जा नाहीतर मेडिकलमध्ये, कोपऱ्यात फ्रीजची घरघर चालूच असते. गावच्या दूध केंद्रातला बल्क कूलर, आरोग्य केंद्रातला लसीचा फ्रीज, तासगाव-नाशिककडचं द्राक्षाचं कोल्ड स्टोअरेज, सगळ्यांचं तत्त्व एकच. हे तत्त्व कारखान्यात भरवशाचं करून दाखवणारा माणूस एका पाद्र्याचा मुलगा होता, आणि त्याला या कामाला लावलं ते बिअर बनवणाऱ्यांनी.

कार्ल लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ रोजी जर्मनीतल्या बेर्नडॉर्फ या खेड्यात झाला. घरात नऊ भावंडं. पोरानं आपल्यासारखंच पाद्री व्हावं असं वडिलांना वाटे, पण पोराचा ओढा यंत्रांकडे. झुरिचच्या तंत्रशाळेत शिकायला गेले, पण १८६४ मध्ये विद्यार्थ्यांच्या निषेधात भाग घेतला म्हणून पदवी हातात पडायच्या आधीच त्यांना काढून टाकलं. मग सूतगिरणीत उमेदवारी केली, रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात काम केलं. १८६८ मध्ये म्युनिकच्या नव्या तंत्रशाळेत शिकवायला लागले.

आता बिअरवाल्यांची अडचण काय होती, ते बघू. आपल्याकडे मे महिन्यात डोशाचं पीठ रात्रीत फसफसून आंबट होतं आणि थंडीत तेच पीठ सकाळपर्यंत हलत नाही. बिअरचंही तसंच. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा करतात, त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, त्यातून मद्य आणि वायू तयार होतो. पण गंमत अशी, की आंबताना पिंप स्वतःच तापतं. नुसती खोली गार असून भागत नाही, आतला काढा खोलीपेक्षा गरमच राहतो. जर्मनीतली लागर बिअर साधारण ८ ते १० अंशांवर आंबवावी लागते आणि नंतर कित्येक आठवडे शून्याच्या जवळपास ठेवावी लागते. उष्णता वाढली की चव बिघडते, नको ते जंतू शिरतात, अख्खं पिंप वाया जातं. म्हणून तर बव्हेरियात १५५३ पासून कायदाच होता, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळायची नाही. हा कायदा १८५० मध्ये उठला, पण उन्हाळा काही उठला नाही. मग हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरात भरायचा आणि तोच वर्षभर पुरवायचा. हिवाळा सौम्य गेला की धंदा बसला.

लिंडे यांना सुरुवातीला बिअरशी काही देणंघेणं नव्हतं. पॅराफिन थंड करण्याच्या यंत्रासाठी एक बक्षीस जाहीर झालं होतं, ते वाचून त्यांचं डोकं थंडीच्या हिशोबाला लागलं. १८७०-७१ मध्ये त्यांनी लेख लिहिले. बर्फाची यंत्रं त्याआधीही होती, नाही असं नाही, पण ती कोळसा खूप खायची आणि केव्हा बंद पडतील याचा नेम नसायचा. किती उष्णता ओढायला किती ताकद लागायला हवी, हे लिंडे यांनी गणितानं मांडलं. ते लेख ड्रेहर ब्रुअरीच्या डाइग्लमायर यांच्या वाचनात आले, आणि त्यांनी सरळ यंत्रच मागितलं. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांनी यंत्राच्या चाचण्यांसाठी आपली ब्रुअरी मोकळी करून दिली.

पहिलं यंत्र मिथाइल ईथरवर चालायचं आणि सांध्यांतून गळायचं. हा वायू पेट घेणारा, म्हणजे धोकाच. दुसरा कुणी असता तर पैसे बुडाले म्हणून उठून गेला असता, पण झेडलमायर टिकून राहिले. लिंडे यांनी वायू बदलला, अमोनिया घेतला. अमोनिया दाबला की गरम होतो, तो थंड करून द्रव करायचा, मग मोकळा सोडायचा. पुन्हा वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. १८७६ मध्ये हे यंत्र नीट चाललं. पुढच्या वर्षी एक यंत्र त्रिएस्तेच्या ड्रेहर ब्रुअरीत बसलं, ते १९०८ पर्यंत चाललं. आजही बर्फाच्या कारखान्याजवळून जाताना जो नाकात झोंबणारा वास येतो, तो याच अमोनियाचा.

२१ जून १८७९ रोजी प्राध्यापकी सोडून त्यांनी वीसबाडेनला कंपनी काढली. १८८३-८४ चा हिवाळा सौम्य गेला, बर्फ मिळेना, आणि ब्रुअरीवाल्यांची रांग लागली. १८९० पर्यंत सातशेहून जास्त यंत्रं विकली गेली. बिअर बारा महिने बनू लागली. मांस, दूध, लोणी यांच्या व्यापारातही ही थंडी पोचली.

त्यांचा एक विद्यार्थी त्यांच्याच यंत्रांच्या कामासाठी पॅरिसला गेला होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. शेतातल्या पंपाला आणि ट्रॅक्टरला ज्याचं इंजिन लागतं, तोच हा.

लिंडे पुढे आणखी खाली उतरले. १८९५ मध्ये त्यांनी हवाच द्रवरूप केली, १९०२ मध्ये तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढला. २०२१ मध्ये कोरोनात ज्या द्रव ऑक्सिजनच्या टँकरची आपण वाट बघत होतो, त्याची सुरुवात इथली.

आज परदेशात हौशी लोक जुन्या फ्रीजला थर्मोस्टॅट जोडून घरीच बिअर आंबवतात. जाणकार सेन्सर फ्रीजच्या हवेत लटकवत नाहीत, भांड्याला चिकटवून वरून जाड कापड बांधतात. कारण तेच, भांडं हवेपेक्षा गरम असतं. आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा कुणी हौस करायला जाऊ नये.

बव्हेरियाच्या दरबारानं १८९७ मध्ये त्यांना सरदारकी दिली, तेव्हापासून ते फॉन लिंडे झाले. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी म्युनिकमध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.