रमाबाई रानडे आणि मुलींची शाळा

पुण्याची हुजूरपागा म्हटली, की तेथे शिकलेल्या कितीतरी भगिनींचे मन भरून येते. वर्गमैत्रिणी, बाई, प्रार्थनेची घंटा, सारे पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या शाळेसाठी एका तरुण सुनेने घरात काय सोसले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी त्या रमाबाई रानडे यांचे स्मरण करणे उचित होईल.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. मुलींनी लिहिणे-वाचणे त्या घरी निषिद्धच होते. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्याशी झाला. माधवराव एकतीस वर्षांचे, विधुर व विद्वान. त्यांनी पत्नीला स्वतः अक्षरे गिरवावयास शिकविले. मराठीपाठोपाठ इंग्रजीही आली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना मात्र हे मुळीच रुचले नाही. ख्रिस्ती शिक्षिकेजवळ बसून धडा घेतला, तर स्नान केल्यावाचून घरात वावरता येत नसे. टोमणे तर रोजचेच. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, घरकामात कसूर केली नाही. आणि पुस्तकही खाली ठेवले नाही.

पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे, असा प्रयत्न माधवराव, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी मंडळींनी चालविला होता. त्यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. सभेत कौतुक झाले. घरी मात्र अबोला पदरी आला! १८८४ साली शाळा सुरू झाली. पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती, त्या जागेत मुली धडे गिरवू लागल्या. पुढे तेथील अभ्यासक्रमावर व शाळेच्या वेळेवर वृत्तपत्रांतून कडाडून टीका झाली. पण शाळा टिकली.

१९०१ साली माधवराव गेले. त्या दुःखातून सावरून रमाबाईंनी स्वतःला लोकसेवेस वाहून घेतले. तुरुंगातील स्त्रिया व रुग्णालयातील रोगी यांची त्या विचारपूस करीत. १९०९ साली पुणे सेवासदन उभे राहिले. लहानपणी शिकण्याची संधी हुकलेल्या विवाहित स्त्रिया आणि विधवा तेथे लिहिणे, वाचणे, शिवण शिकू लागल्या. काही परिचारिका झाल्या, काही शिक्षिका. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळी परिचर्येचे काम घरंदाज विधवेने करावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. पतीच्या सहवासाच्या आठवणी रमाबाईंनी १९१० साली ग्रंथरूपाने दिल्या. मराठी आत्मकथनांत त्या पुस्तकाला मानाचे स्थान आहे. पुण्यातील मुलांप्रमाणे मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, म्हणून १९२० च्या सुमारास त्यांनी स्त्रियांना संघटित केले.

१९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंनी घर मोडले नाही आणि ध्येयही सोडले नाही. ज्या घरात सुनेचे वाचणे अपराध ठरले, त्याच घरातील सुनेने शेकडो लेकीसुनांच्या हाती पुस्तक दिले. आपल्या शेजारच्या एखाद्या मुलीची शाळा पैशावाचून वा घरकामापायी सुटत असेल, तर ती सुटू न देणे, हेच त्यांचे खरे स्मारक होय.