लोहचुंबकाचा ध्यास : कोतारो होंडा

वाचनापूर्वी
तुमच्या घरात लोहचुंबक कुठे कुठे आहे? फ्रिजच्या दारावरचा तर सगळ्यांना दिसतो. पण कानात घालायच्या इअरफोनमध्ये, विजेवर चालणाऱ्या स्कूटरमध्येही तो लपलेला असतो. मोजा बघू! मग पुढचा पाठ वाचा.

१. शेतकऱ्याचा मुलगा
होंडा म्हटलं की आपल्याला गाडी आठवते. पण हे होंडा वेगळे, बरं का! जपानच्या आइची प्रांतात ओकाझाकीजवळ याहागी नावाचं गाव होतं. तिथे १८७० साली एका शेतकरी कुटुंबात कोतारोचा जन्म झाला. त्या वेळी जपान नुकताच बदलू लागला होता. नव्या शाळा निघत होत्या, आगगाडी येऊ घातली होती. कोतारो शिकत शिकत थेट टोकियोच्या विद्यापीठात पोचला आणि १८९७ साली भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला.

तिथे त्याला हांतारो नागाओका नावाचे मोठे शास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. लोखंडात चुंबकत्व आलं की त्याची लांबी अगदी किंचित बदलते. डोळ्यांना दिसणारही नाही, इतकी किंचित! ती मोजायची कशी, यात होंडा रमून गेले. चुंबकाचा हा नाद त्यांना आयुष्यभर पुरला.

१९०७ साली ते पुढच्या अभ्यासासाठी युरोपला गेले. जर्मनीत ग्योटिंगेन इथे गुस्ताव तामान यांच्याकडे त्यांनी धातूंचा अभ्यास केला. धातू तापवला किंवा थंड केला की त्याच्या पोटात काय काय बदलतं, हे ते तिथे शिकले. १९११ साली परत आल्यावर ते सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. सेंदाई हे जपानच्या ईशान्येकडचं शहर. टोकियोपासून दूर आणि हिवाळ्यात चांगलंच गार. विद्यापीठही तेव्हा नवंकोरं होतं.

२. बोटी थांबल्या, चुंबक थांबले
१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. चांगलं चुंबकी पोलाद जपानमध्ये परदेशातून येत असे. युद्धामुळे ते मिळेना. विजेची मोजमापं करणारी यंत्रं, विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, या सगळ्यांना चुंबक लागायचा. आता करायचं काय?

आणखी एक अडचण होती. तेव्हाचे चुंबक विसरभोळे होते! म्हणजे काय, तर धक्का बसला, गरम झाले किंवा दुसरा चुंबक जवळ आला की त्यांचं चुंबकत्व कमी व्हायचं. आखूड चुंबक तर आपलं बळ आपणच घालवून बसायचा. म्हणून चुंबक लांब पट्टीचे किंवा घोड्याच्या नालासारखे करत. हवा होता तो न विसरणारा, हट्टी चुंबक.

१९१६ साली सेंदाईला या कामासाठी वेगळा संशोधन विभाग निघाला. किचिझाएमोन सुमितोमो या उद्योगपतींनी त्याला पैसे दिले. होंडा आणि त्यांचे सहकारी हिरोमू ताकागी कामाला लागले. लोखंडात हे मिसळ, ते मिसळ. वितळव, कांडी कर, लाल होईस्तोवर तापवून झटकन थंड कर. मग चुंबक बनव आणि मोज. जमलं नाही? प्रमाण थोडं बदल आणि पुन्हा सुरुवात कर. होंडा दिवसातून कितीतरी वेळा प्रयोगशाळेत चक्कर मारायचे आणि प्रत्येकाला काम कुठवर आलं ते विचारायचे. विद्यार्थ्यांना दडून बसायची सोय नव्हती!

१९१७ साली उत्तर सापडलं. लोखंडात सुमारे एक तृतीयांश कोबाल्ट, शिवाय थोडं टंगस्टन, क्रोमियम आणि कार्बन. हे पोलाद जुन्या चुंबकी पोलादापेक्षा तिप्पट हट्टी निघालं. जगात तेव्हा असं दुसरं नव्हतं. होंडांनी त्याला स्वतःचं नाव दिलं नाही. मदत करणाऱ्या किचिझाएमोन सुमितोमो यांच्या नावातली आद्याक्षरं घेतली आणि पोलादाचं नाव ठेवलं केएस.

३. पहिला नंबर जातो तेव्हा
संशोधन विभाग वाढत गेला. १९२२ साली त्याची धातू संशोधन संस्था झाली. होंडांचं नाव जगभर झालं. १९३१ साली ते तोहोकू विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. वय एकसष्ट. आता आरामात खुर्चीत बसायचं, नाही का?

नेमक्या त्याच वर्षी टोकियोच्या तोकुशिची मिशिमा यांनी नवा चुंबक शोधला. लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा. नाव एमके. तो केएसपेक्षा दुप्पट हट्टी होता, आणि त्यात महागडं कोबाल्ट नसलं तरी चालत होतं. केएसचा पहिला नंबर गेला.

होंडा रुसून बसले नाहीत. नव्या चुंबकाला नावंही ठेवली नाहीत. ते पुन्हा भट्टीकडे वळले. हाकारु मासुमोतो आणि युकी शिराकावा यांच्याबरोबर त्यांनी दोन-तीन वर्षांतच नवं केएस पोलाद तयार केलं. यात कोबाल्ट, निकेल आणि टायटॅनियम होतं. ते एमकेच्याही पुढे गेलं.

यात जिंकलं कोण? खरं तर दोघंही. चुंबकाची विद्या एकदम दोन पावलं पुढे गेली. पुढे १९८५ साली जपानने आपले दहा थोर संशोधक निवडले. त्या यादीत होंडा आणि मिशिमा दोघंही आहेत!

१९३७ साली जपानने संस्कृती सन्मान द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी तो होंडांना आणि त्यांचे गुरू नागाओका यांना मिळाला. १९४० पर्यंत होंडा तोहोकूचे अध्यक्ष होते. १९४९ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, ते टोकियोच्या विज्ञान विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ साली त्यांचं निधन झालं.

४. पोलादापासून पुडीपर्यंत
होंडा गेले, पण सेंदाईची भट्टी विझली नाही. १९७२ साली मासातो सागावा यांनी याच तोहोकू विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १९८२ साली त्यांनी लोखंड, निओडिमियम आणि बोरॉन यांचा चुंबक शोधला. निओडिमियम हा दुर्मिळ मृदा गटातला धातू. आजचे सर्वांत बळकट कायमचे चुंबक याच जातीचे आहेत. म्हणून तर इअरफोनमध्ये इवलीशी चकती पुरते.

हा चुंबक कांडी ओतून होत नाही. धातूची बारीक पूड करतात. चुंबकाच्या जोरावर पुडीचे सगळे कण एकाच दिशेला तोंड करून उभे करतात, दाबतात आणि भट्टीत भाजतात.

अमेरिकेत जॉन क्रोट यांनी त्याच सुमारास दुसरी वाट काढली. वितळलेला धातू गरगर फिरणाऱ्या गार चाकावर सोडायचा. तो क्षणात थिजतो आणि त्याच्या आतले कण फारच लहान राहतात. केसाच्या जाडीत हजारभर मावतील, इतके लहान! असे कण आपली दिशा सहज सोडत नाहीत. म्हणजे पुन्हा तोच होंडांचा हट्टीपणा.

पण पूड तशीच दाबली तर मध्ये पोकळ्या राहतात. भुरभुरीत लाडवासारखं होतं. पोकळीत चुंबकत्व कुठलं? म्हणून चुंबक घट्ट हवा. घट्ट करायला उष्णता द्यावी, तर बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि हट्ट सोडतात. मग उष्णता द्यायची, पण बेताची आणि थोडाच वेळ. वरून जोराचा दाबही द्यायचा. हा मेळ साधायला आजही शास्त्रज्ञ प्रमाण बदलतात, मोजतात आणि पुन्हा सुरुवात करतात. होंडा आज चक्कर मारायला आले असते, तर त्यांना हे काम ओळखीचंच वाटलं असतं.

शब्दार्थ
ध्यास – सतत एकाच गोष्टीचा विचार
नाद – छंद, आवड
पोलाद – कार्बन मिसळलेलं कठीण लोखंड
आद्याक्षर – नावातलं पहिलं अक्षर
थिजणे – गार होऊन घट्ट होणे
नावं ठेवणे – दोष काढणे
मेळ साधणे – दोन गोष्टी नीट जुळवणे

उत्तरे लिहा
१. युद्धामुळे जपानपुढे कोणती अडचण आली?
२. जुन्या चुंबकांना पाठात विसरभोळे का म्हटलं आहे?
३. केएस हे नाव कसं पडलं?
४. एमके आल्यावर होंडांनी काय केलं? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
५. पुडीचा चुंबक फार तापवला तर काय बिघडतं?

करून पाहा
शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने तीस वेळा घासा. साधा लोखंडी खिळाही तसाच घासा. मग दोन्ही टाचणीजवळ न्या. कोणाच्या अंगात चुंबकत्व जास्त टिकलं? चार वाक्यांत लिहा. (सुई हाताळताना मोठ्यांना जवळ बसवा.)