प्रयोगशाळेतून वारीच्या वाटेवर

पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक, अशी इरावती कर्वे यांची आठवण जुने पुणेकर आजही सांगतात. ‘युगान्त’मुळे तर त्या घरोघरी पोहोचल्या. त्या मानाने त्यांच्यातील शास्त्रज्ञ मात्र सर्वसामान्य वाचकाला अपरिचितच राहिला.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला. तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. शिक्षण पुण्यात, हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत प्रा. ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असून त्यातून युरोपीयांचे श्रेष्ठत्व सिद्ध होते, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली आणि असमानता वंशावर अवलंबून नसल्याचा निष्कर्ष मांडला. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध जाण्याचे हे धाडस होते. याच फिशर यांचे विचार पुढे नाझी राजवटीच्या उपयोगी पडले, हे लक्षात घेता त्या आकड्यांचे मोल अधिकच वाटते. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या.

१९३९ पासून डेक्कन कॉलेज हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. मोजमापाची साधने घेऊन त्या खेड्यापाड्यांत, आदिवासी पाड्यांत हिंडल्या. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला व जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली.

परंतु संशोधन केवळ विद्वानांसाठी, हे त्यांना मान्य नसावे. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ या संग्रहांतून त्यांनी मराठी ललित निबंधाला नवे वळण दिले. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर पायी चालल्या. एकच अभंग गाणारे वारकरी जेवायला मात्र जातवार वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिले आणि भक्तिभाव जराही न उणावता लिहिले. महाभारतातील व्यक्तिरेखांकडे माणसे म्हणून पाहणाऱ्या ‘युगान्त’ला १९६८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, काही वाचक दुखावलेही गेले.

अखेरच्या वर्षांत कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी केली. १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.