मुलांसाठी नाटके लिहिणारे रवींद्रनाथ

कलकत्त्याच्या जोडासाँको भागात ठाकूर घराण्याचा प्रशस्त वाडा होता. महर्षी देवेंद्रनाथांचे चौदावे अपत्य रवींद्रनाथ यांचा जन्म त्या वाड्यात ७ मे १८६१ रोजी झाला. घरात गायन, काव्य आणि नाटक यांची सदैव चर्चा असे. परंतु शाळेचे नाव काढताच या मुलाच्या अंगावर काटा उभा राही. चार भिंतींच्या आत तासन् तास बसावे, न उमगणारे धडे घोकावे आणि चुकल्यास शिक्षा भोगावी, एवढाच शाळेचा अर्थ त्याला कळला होता. एकामागून एक शाळा बदलून झाल्या. त्याचे मन कोठेही रमले नाही. अखेर शिक्षण अर्धवट टाकून त्याने शाळेला रामराम ठोकला.

शाळेने जे दिले नाही, ते घरच्या रंगभूमीने दिले. १८८१ साली, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी ‘वाल्मीकिप्रतिभा’ हे संगीत नाटक रचले. वाड्यातच त्याचा प्रयोग झाला. वाल्मीकीची भूमिका स्वतः रवींद्रनाथांनी केली आणि सरस्वतीची त्यांची पुतणी प्रतिभा हिने. पुढे त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना रवींद्रनाथ काही दिवस तेथे राहिले. १८८३ साली त्या रम्य समुद्रतीरी त्यांनी आणखी एक नाटक लिहिले.

ज्या मुलाने शाळेचा इतका धसका घेतला होता, त्यानेच चाळिसाव्या वर्षी शाळा काढावी, ही नवलाचीच गोष्ट! २२ डिसेंबर १९०१ रोजी बंगालमधील बोलपूरजवळ, शांतिनिकेतन येथे, अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी ही शाळा सुरू झाली. वर्ग झाडांखाली भरत. पैशाची चणचण तर पाचवीला पुजलेली होती. पत्नी मृणालिनीदेवी यांनी आपले दागिने शाळेसाठी काढून दिले. परंतु १९०२ साली त्या निवर्तल्या. पुढील वर्षी कन्या रेणुका गेली. आणि १९०७ साली धाकटा पुत्र शमींद्र अकराव्या वर्षी पटकीने मरण पावला. शाळेतील मुलांच्याच वयाचा तो मुलगा होता.

या आघातानंतर वर्ष उलटते न उलटते, तोच १९०८ साली रवींद्रनाथांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले. शाळेत तेव्हा सारे मुलगेच होते. म्हणून नाटकात स्त्रीपात्र एकही ठेवले नाही. शरद ऋतूची सुटी लागली आहे, मुले नदीकाठी हुंदडत आहेत, आणि उपनंद नावाचा मुलगा मात्र एकटा बसून पोथीच्या प्रती उतरीत आहे. त्याचा गुरू वारला असून त्याच्या डोक्यावर लक्षेश्वर नावाच्या कंजूष सावकाराचे ऋण आहे. ते फेडल्याखेरीज उपनंदाला खेळ गोड लागत नाही. एक संन्यासी त्याच्याजवळ येऊन बसतो. तो म्हणजे वेष पालटून फिरणारा सम्राट विजयादित्य, हे अखेरीस उघड होते. पुढे एका प्रयोगात संन्याशाची ही भूमिका रवींद्रनाथांनी स्वतः केली.

शांतिनिकेतनातील नाटकाची तयारी पाहण्यासारखी असे. कवी प्रथम संपूर्ण नाटक सर्वांना वाचून दाखवीत. मग पात्रांची निवड होई. गुरुजी आणि विद्यार्थी एकाच रंगमंचावर उभे राहत. तालमींना लहानथोर सारीच मुले हजर असत, आणि त्या दिवसांत वर्ग फारसे भरत नसत. (याबद्दल कोणा विद्यार्थ्याने कुरकूर केल्याचे ऐकिवात नाही!)

१९११ साली त्यांनी ‘अचलायतन’ लिहिले. त्यात सुभद्र नावाचा एक छोटा विद्यार्थी आहे. विद्यालयाच्या उत्तरेची खिडकी शेकडो वर्षांत कोणी उघडलेली नसते. ती हा मुलगा कुतूहलाने उघडतो. त्या एवढ्याशा कृत्याने सारे विद्यालय भयभीत होते. बालपणीच्या शाळा कवी विसरला नव्हता, हे येथे सहज ध्यानात येते.

‘डाकघर’ हे नाटकही त्याच वर्षी लिहिले गेले. अमल हा मुलगा आजारी आहे आणि वैद्याने त्याला घराबाहेर पडण्याची मनाई केली आहे. खिडकीत बसून तो दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधेशी बोलतो. समोर राजाचे डाकघर उघडते, तेव्हा राजाचे पत्र आपल्याला येईल, या आशेने तो वाट पाहू लागतो. शेवटी राजवैद्य येतो, सर्व दारे-खिडक्या उघडावयास लावतो आणि अमल शांतपणे निद्राधीन होतो. १९१७ साली कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी जोडासाँकोच्या वाड्यात या नाटकाचा प्रयोग झाला. अमलच्या भूमिकेत शांतिनिकेतनचा विद्यार्थी होता, तर कवी स्वतः आजोबांच्या भूमिकेत होते. प्रेक्षकांत महात्मा गांधी, लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट होत्या.

१९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, १९२१ साली विश्वभारती स्थापन झाली, तरी संस्थेची ओढगस्त संपली नाही. मुलींनी रंगमंचावर नृत्य करणे प्रतिष्ठित लोकांना रुचत नसे. रवींद्रनाथांनी त्यांना १९२६ साली ‘नटीर पूजा’ हे केवळ मुलींचे नाटक लिहून दिले. लोक टीका करणार हे जाणून पुढे कलकत्त्याच्या प्रयोगात त्यांनी स्वतःसाठी एक लहानशी भूमिका घातली आणि वृद्ध कवी मुलींसमवेत रंगमंचावर येऊन उभा राहिला. पंचाहत्तरीला टेकल्यावरही विद्यार्थ्यांचा नाट्यसंच घेऊन ते निधीसाठी गावोगाव हिंडत होते. १९३६ साली दिल्लीस गांधीजींना ही दगदग पाहवली नाही. त्यांनी ६०,००० रुपये मिळवून दिले आणि कवीला विश्रांती घेण्यास सांगितले.

७ ऑगस्ट १९४१ रोजी, जन्म झाला त्याच वाड्यात, रवींद्रनाथांचे देहावसान झाले.

त्यानंतर वर्ष पुरे होण्यापूर्वी, पोलंडमधील वॉर्सा शहरी ‘डाकघर’ पुन्हा रंगले. जर्मन नाझींनी तेथील ज्यू लोकांना भिंतीआड कोंडले होते. त्यांत डॉक्टर यानुश कोर्चाक यांचे अनाथालय होते. उपासमारीने सुकलेल्या तेथील मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी हे नाटक पोलिश भाषेत सादर केले. मरण समोर आले तर मुलांनी भिऊ नये, यासाठी डॉक्टरांनी ते निवडले होते. ऑगस्टच्या आरंभी त्या सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. स्वतःचा जीव वाचविण्याची संधी असूनही डॉक्टर मागे राहिले नाहीत. ते मुलांच्या पुढे चालत गेले.