सॅम्युअल प्लिमसॉल: जहाजावर रेघ मारायला लावणारा माणूस

स्टीलची वाटी बादलीतल्या पाण्यावर अलगद ठेवा, तरंगते. लोखंडी खिळा टाका, थेट तळाला. पोलाद पाण्यापेक्षा जवळजवळ आठपट जड. खिळा बुडताना स्वतःच्या आकाराएवढंच पाणी बाजूला सारतो आणि त्या पाण्याचं वजन खिळ्याच्या एक अष्टमांश भरतं. वाटीच्या पोटात मात्र हवा असते. ती थोडीशी खाली गेली की स्वतःच्या वजनाइतकं पाणी सारून होतं, आणि ती तिथेच थांबते.

आता वाटीत चमचा चमचा तांदूळ टाकत जा. वाटी खाली खाली जाईल. काठ पाण्याच्या जेमतेम वर उरला तरी तरंगतच राहील. मग बादलीला एक हलका धक्का द्या. खेळ खलास.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश जहाजांवर नेमकं हेच चालायचं. बंदरातल्या शांत पाण्यात काठोकाठ भरलेलं जहाज तरंगायचं, म्हणून मालक निर्धास्त. भर समुद्रात लाटा डेकवर चढल्या की संपलं. त्यातून जुन्या जहाजाचा विमा चांगला उतरवलेला असेल, तर बुडाल्यावरही मालकाचं फारसं बिघडत नसे. आणि करारावर सही केलेल्या खलाशाने जहाजावर जायला नकार दिला, तर त्यालाच तुरुंग! अशा जहाजांना लोक शवपेटी जहाजं म्हणू लागले.

सॅम्युअल प्लिमसॉल हा दर्यावर्दी नव्हता. १८२४ साली ब्रिस्टलला जन्म, मग शेफील्डमध्ये एका दारूभट्टीत कारकुनी. पुढे लंडनमध्ये कोळशाचा धंदा काढला, तो बुडाला, आणि काही काळ त्याला अगदी स्वस्तातल्या धर्मशाळेसारख्या जागी राहावं लागलं. गरिबांबद्दलची त्याची कळकळ तिथली असावी, असं मला वाटतं. नंतर धंद्यात जम बसला आणि १८६८ मध्ये तो डर्बीमधून खासदार झाला.

जहाजावर भाराची मर्यादा दाखवणारी खूण हवी, ही मूळ कल्पना त्याची नाही. जेम्स हॉल नावाच्या जहाजमालकाने ती आधीच मांडली होती. प्लिमसॉलने ती लावून धरली. १८७३ मध्ये त्याने खलाशांवर पुस्तक लिहिलं आणि देशभर खळबळ उडाली. त्यात चुकाही होत्या, अब्रुनुकसानीचे दावेही झाले. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायलींनी जहाजांविषयीचं विधेयक बाजूला ठेवल्यावर भर सभागृहात त्याचा तोल सुटला. आरडाओरडा केला, मूठ उगारली. नंतर माफी मागितली, पण तोवर जनता त्याच्या बाजूने झाली होती. १८७६ मध्ये जहाजावर खूण सक्तीची झाली.

पण गंमत बघा. खूण कुठे रंगवायची हे मालकानेच ठरवायचं! आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, फील्ड कंपल्सरी केलं पण व्हॅलिडेशन लावलंच नाही. एका पठ्ठ्याने ती म्हणे जहाजाच्या धुराड्यावर रंगवली होती. जागा ठरवून देणारा कायदा यायला १८९० उजाडलं. तोवर प्लिमसॉलने खासदारकी सोडून दहा वर्षं झाली होती. १८९८ मध्ये फोकस्टोनला तो वारला. १९३० साली या रेषेसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला.

आज मालवाहू जहाजाच्या कुशीवर, मधोमध, एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसते. शेजारी शिडीसारख्या आणखी काही रेघा असतात. त्या कशाला? समुद्राचं खारं पाणी घनमीटरला साधारण १०२५ किलो भरतं, गोडं पाणी १०००. म्हणून तेच जहाज, तेवढाच माल घेऊन नदीत शिरलं की थोडं जास्त खाली बसतं, आणि गोड्या पाण्याची रेघ थोडी वर असते. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची त्याखाली, कारण हिवाळ्यात समुद्र जास्त खवळतो आणि काठ पाण्यापासून जास्त उंच हवा. सगळ्यात खालची रेघ हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकची.