दोन वर्षं एक नांगर खपेना! कडबा कुट्टीपासून कारखान्यापर्यंत पोचलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर

सोनारी (ता. परंडा) : दावणीला दोन जनावरं असली की कडबा बारीक करायची काहीतरी सोय घरात लागतेच. कोणाकडे हाताचं चाक, कोणाकडे मोटारीवरची कुट्टी. अख्खी पेंढी टाकली तर जनावर पाला खातं आणि बुडखे पायाखाली तुडवतं, हे सोनारी भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. पण कडबा कापायचं मशीन इथल्याच माणसांनी बनवून विकायचं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याच्या डोक्यात आलं तो माणूस शेतकरी नव्हता. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला गेलेला पोरगा होता तो. नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे पंडित. पोराचं लक्ष मात्र पोथीत नव्हतं आणि शाळेतही नव्हतं. त्याला आवड दोन गोष्टींची, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. ज्याला रंग कळत नाही त्यानं चित्रकार कसं व्हायचं? रंगांचा नाद सोडून त्यांनी यंत्रांची रेखाटनं शिकायला घेतली. त्यात हात इतका बसला की मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायची नोकरी लागली.

नोकरी चालू असतानाच १८८८ साली बेळगावात भाऊ रामुअण्णांनी सायकलचं दुकान टाकलं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा तिकडे विकायचे. एका सायकलीला त्या काळात सातशे ते हजार रुपये पडायचे. चालवायला शिकवायची फी पंधरा रुपये वेगळी. आज ऐकून हसू येईल, पण तेव्हा सायकल ही बड्या लोकांची वस्तू होती.

पुढं मास्तरकीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. परदेशी यंत्रांची पुस्तकं आणि माहितीपत्रकं वाचायची, सुट्टा भाग हातात घेऊन बघायचा, तसाच करून पाहायचा, असा त्यांचा अभ्यास चालायचा. कॉलेजची पदवी नव्हती. दुकानाबरोबर छोटं वर्कशॉप सुरू झालं आणि त्यातून पहिलं शेतीचं मशीन निघालं ते कडबा कापायचं. मग १९०३ साली लोखंडी नांगर.

खरी परीक्षा या नांगरानं घेतली. आपल्या काळ्या रानात लाकडी नांगर चालवला की माती चिरली जायची, पण उलटायची नाही. हरळी आणि कुंदा मुळासकट वर येत नसे. विलायती कंपन्यांचे लोखंडी नांगर तेव्हा मिळत होते, ते माती पालथी करायचे. लक्ष्मणरावांनी तो नमुना समोर ठेवून इथंच नांगर ओतायचं ठरवलं. नांगर तयार झाले आणि तसेच पडून राहिले. लोखंडानं जमिनीला विष चढतं, रान नापीक होतं, असा समज शेतकऱ्यांत घट्ट बसला होता. दोन वर्षं गिऱ्हाईक फिरकेना.

इथं शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर चालतं, तो नवीन अवजार आधी शेजाऱ्याच्या रानात बघतो, मग आपल्या रानात घालतो. आज नवीन बियाणं आलं तरी तेच होतं. त्यात चूक काय? लक्ष्मणरावांनी नांगर गुंडाळून ठेवला नाही आणि गिऱ्हाईकाला दोषही देत बसले नाहीत. ते ओतकामाच्या मागं लागले. नांगराचा सगळा भार फाळाच्या टोकावर असतो. ते टोक मऊ राहिलं तर चार दिवसांत झिजतं, फार कडक झालं तर दगड लागताच तुटतं. विलायती फाळाच्या तोडीचा फाळ इथं ओतता येईपर्यंत त्यांनी खटपट सोडली नाही. हळूहळू नांगर रानात उतरला आणि नांगरलेलं रान बघून पुढचं गिऱ्हाईक आलं.

धंदा जरा सावरतोय तोवर बेळगावात नवी वस्ती वसवायची म्हणून वर्कशॉपची जागा सोडायची पाळी आली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी आधी औंधच्या यमाई मंदिराच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांना दिलं. नंतर कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे नुसता निवडुंग, त्यात साप, आणि पाण्याची टंचाई. १० मार्च १९१० ला तिथं कारखान्याची आणि वसाहतीची सुरुवात झाली. सोबत होती पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

माणसं निवडायची त्यांची रीतही वेगळी होती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं यंत्रं घडवणारे इंजिनिअर झाले. शंभुराव जांभेकर यंत्राच्या कुठल्याही कामाला हात घालायचे. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. वाडीचा कारभार रामुअण्णांनी सांभाळला. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी कोण ठेवलं असेल? एकेकाळी दरोडे घालून शिक्षा भोगून आलेली माणसं! घरच्यांनासुद्धा धाकधूक वाटली असणार. पण त्या माणसांनी वाडी राखली. अस्पृश्यता लक्ष्मणरावांना मान्य नव्हती. पंडिताच्या घरातला हा मुलगा विचारानं पक्का बुद्धिवादी होता.

१९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं. विलायती नांगर यायचे बंद झाले, म्हणजे गिऱ्हाईक आपसूक वाडीकडे वळलं. पण लोखंड आणि कोळसाही परदेशातूनच यायचा, तोही आटला. मागणी दारात उभी आणि भट्टीत घालायला काही नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. परंड्याचा किल्ला पाहिलेल्या माणसाला या गोष्टीची गंमत जास्त कळेल. आपल्या बुरुजांवरच्या तोफांना हात लावला तरी त्यांचं वजन आणि जाडी ध्यानात येते. असलं धूड भट्टीत घालायचं आणि त्यातून कुणब्याच्या रानात चालणारा फाळ काढायचा, हे त्या काळच्या साधनांनी सोपं नव्हतं. किल्ल्यांची आस्था असणाऱ्याला आज वाईटही वाटेल. पण त्या दिवसांत कारखाना त्या लोखंडावर तगला.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची खबरबात देणारं एक पत्रक काढलं, त्याचंच पुढं नावाजलेलं किर्लोस्कर मासिक झालं. नंतर स्त्री आणि मनोहर ही मासिकंही याच घरातून निघाली. नांगरापाठोपाठ उसाचा लोखंडी चरक, भुईमूग फोडायचं यंत्र आणि १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअर होऊन परतला आणि धंद्यात उतरला. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणारी इंजिनं बनवणारी कंपनी निघाली. लाइट नव्हती तेव्हा विहिरीवर धडधडणारं इंजिन गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी चांगलंच ऐकलेलं आहे.

१९४८ च्या सुरुवातीला, गांधीजींच्या हत्येनंतर दंगल उसळली आणि जमावानं किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षं उभी केलेली वस्तू डोळ्यांदेखत काळी पडली. शेड परत उभारल्या गेल्या, भट्टी परत पेटली आणि माल परत बाहेर पडू लागला.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव वारले. १९६९ साली, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, सरकारनं त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. निवडुंगाच्या त्या बत्तीस एकरांवर सुरू झालेल्या कारखान्यात आजही पंप बनतात.