चट्टा, कवटीचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी

पाऊस सरत आला आणि उसाच्या फडांत शिरणे भाग पडू लागले, की आमच्या बेलापुरात औषधांच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागते. ते काउंटरला टेकून मोठ्याने औषध मागत नाही. आधी बाजूला उभे राहते, बायाबापड्या निघून गेल्या की पुढे सरकते आणि आवाज खाली आणून खाजेची ट्यूब मागते. बत्तीस वर्षे मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो. प्रवरेचे पाणी, भंडारदऱ्याच्या कालव्यांवर पोसलेला ऊस, दिवसभर अंगावर ओली राहणारी कपडे आणि घरात सगळ्यांना मिळून एक पंचा. गजकर्णाला याहून सोयीचा मुलूख कुठला? मी विचार न करता ट्यूब काढून देत असे. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

पण आज लिहायचे आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याविषयी. काही वर्षांपूर्वी नातवाला घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो होतो. तिथल्या जुन्या वस्तुसंग्रहालयाच्या दारावर त्यांचे नाव आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय पूर्वी राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या यजमानांच्या नावाने ओळखले जाई. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. नातवाने विचारले, की हे कोण? डॉक्टर होते, एवढेच मला सांगता आले. कशाचे डॉक्टर, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. आयुष्यभर औषधे विकलेल्या माणसाला त्याचे उत्तर येऊ नये, याची लाज वाटली. परत आल्यावर वाचनालयातून प्रा. अ. का. प्रियोळकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मागवले आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या पेडणे महालात, मांद्रे गावी, १८२० च्या दशकाच्या सुरुवातीचा. घर गरिबीचे. वडील पोटासाठी मुंबईला आले आणि मातीच्या बाहुल्या विकू लागले. मुलगा मात्र बुद्धिबळात असा तरबेज, की त्याचा डाव पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली, या पोराला इंग्रजी शिकवा. बुद्धिबळाने किती घरांचे वाटोळे केले हे आपण ऐकतो. एका घराचे भले केले, ते हे. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाले, तिथेच ते शिक्षक झाले. काठेवाड आणि कच्छमध्ये मुली जन्मताच मारून टाकण्याची चाल होती, तिच्यावर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळवले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. चांगली नोकरी असलेला हा तरुण पुन्हा विद्यार्थी होऊन त्याच्या पहिल्या तुकडीत दाखल झाला आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. धाकटे बंधू नारायणरावही डॉक्टर झाले. थोड्याच काळात भाऊंचा जम असा बसला, की शेठ-सावकारांच्या हवेल्यांत त्यांना बोलावणे येई आणि गोरगरिबांना ते फुकट तपासत. हे वाचताना मला तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागला. जंतू म्हणजे काय हे अजून नीट कळलेले नव्हते. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकात डोक्यातल्या खवड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिली होती खरी, पण त्या काळी बहुतेक वैद्य-डॉक्टरांच्या लेखी चट्टा हा रक्त बिघडल्याचा पुरावा होता.

भाऊंनी आणखी एक काम हाती घेतले. संस्कृत वैद्यकाची पोथी उघडायची आणि तीत जे औषध सांगितले आहे ते आजाऱ्यावर देऊन, निकाल काय येतो ते नोंदवायचे. पोथीत आहे म्हणून खरे नाही, आणि पोथीत आहे म्हणून खोटेही नाही. आयुर्वेदात कुष्ठ हा शब्द फार मोठा आहे. आज आपण ज्याला महारोग म्हणतो तो त्यात आहे आणि साधे गजकर्णही, म्हणजे दद्रू, त्यातच आहे. गंमत अशी, की चरकाने दद्रू क्षुद्र कुष्ठांत घातले आणि सुश्रुताने महाकुष्ठांत. पोथ्यांतच जिथे एकमत नाही, तिथे खेड्यातल्या माणसाने एक चट्टा पाहून दुसऱ्याचे नाव घेतले तर त्याला काय बोलावे?

माझ्या घरात हे घडले आहे. १९६० च्या सुमाराची गोष्ट. आत्याचे लग्न ठरले होते. तिच्या मानेवर आणि पाठीवर फिकट ठिपके उठले, वाढत वाढत एकमेकांत मिसळले. कुणीतरी शेजारीण बोलली आणि गावभर झाले. सोयरीक मोडली. आजीने तिचे ताट-वाटी वेगळी केली, अंथरूण पडवीत गेले. दीड वर्ष ती पडवीत निजली. मग तालुक्याच्या एका डॉक्टरांनी नखाने तो ठिपका खरवडला, कोंड्यासारखा भुगा निघाला आणि ते हसले. शिबं होती. फोटोवाले ज्या हायपोने फोटो धुतात, त्याच हायपोचे पाणी त्यांनी लावायला दिले. ठिपके गेले, पण कातडीचा रंग परत यायला आणखी काही महिने लागले आणि तेवढ्या काळात आजीचा विश्वास बसेना. शिबं मेली तरी तिचा पांढरेपणा मागे राहतो, हे तेव्हा घरात कुणी सांगितले नाही. पुढे आत्याचे लग्न झाले, पण पहिले ठरलेले घर ते नव्हे.

म्हणून भाऊ दाजींनी महारोगावर केलेल्या कामाचे प्रकरण मी दोनदा वाचले. आपल्या कोकणात आणि खाली मलबारपर्यंत कडू कवठ किंवा कवटी नावाचे झाड होते. त्याच्या बियांचे तेल लोक हट्टी त्वचारोगांवर घरगुती औषध म्हणून वापरत. सुश्रुताने पश्चिम समुद्राकाठच्या तुवरक वृक्षाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे, ते हेच. त्याच सुमारास कलकत्त्याकडे डॉ. मौअट यांनी चालमोगऱ्याचे तेल पुढे आणले होते. कवटी त्याच कुळातली. भाऊंनी हे तेल महारोग्यांना देऊन पाहिले, पुष्कळांना उतार पडला आणि त्यांच्याकडे रोग्यांची रीघ लागली.

इथे मात्र माझे आणि त्यांचे जमत नाही. औषध काय आहे ते त्यांनी जाहीर केले नाही. पुरती खात्री पटल्याशिवाय छापायचे नाही, असे त्यामागचे कारण असावे आणि ते एका खऱ्या संशोधकाला शोभणारेही आहे. पण टीका व्हायची ती झाली. गुप्त औषध देणारा डॉक्टर आणि जडीबुटीवाला यांच्यात लोकांनी फरक काय करायचा? ३१ मे १८७४ रोजी भाऊ गेले. आपल्या प्रयोगांचा सविस्तर अहवाल त्यांनी स्वतः छापला असता तर कवटीच्या तेलाचा इतिहास मुंबईच्या नावाने लिहिला गेला असता, असे मला राहून राहून वाटते. त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत हान्सेन यांना महारोगाचा जंतू दिसला होता. तेलाचा प्रवास पुढे चालू राहिला. हवाई बेटांवर १९१५-१६ च्या सुमारास ॲलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ मुलीने चालमोगऱ्याचे तेल सुईतून देता येईल असे केले आणि १९४० च्या दशकात डॅप्सोनसारखी औषधे येईपर्यंत जगभर महारोग्यांना तेच टोचले जात होते.

भाऊंची बाकीची कामे थोडक्यात सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकांत सापडतात. शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळावर निबंध लिहिला, बाँबे असोसिएशनच्या उभारणीत भाग घेतला, मुंबई विद्यापीठाचे पहिल्या फेलोंपैकी एक झाले, मुलींच्या शिक्षणासाठी झटले, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. एक प्रसंग मात्र सोडवत नाही. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात एका बड्या धर्मगुरूला जडलेल्या गुप्तरोगाविषयी साक्ष द्यायला ते कोर्टात उभे राहिले. ज्यांच्या घरी त्यांचा राबता होता त्या शेठ लोकांना ते रुचणारे नव्हते. तरी त्यांनी जे तपासले होते ते सांगितले.

गजकर्णाचाही त्यांच्या मुंबईशी एक धागा आहे. गोव्यात आणि मुंबईत तेव्हा गोवा पावडर नावाची एक पिवळट भुकटी विकली जाई. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती गजकर्णावर लावत. गुण हमखास, पण कपडे रंगून जात, कातडी काळी-जांभळी पडे आणि चुकून डोळ्याला हात लागला तर डोळा सुजून येई. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. ही भुकटी गोव्याची नव्हेच, पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली आहे, हे उघड व्हायला १८७४ साल उजाडले. आमच्याकडे गरिबाघरी टाकळ्याच्या बिया वाटून लावत. पावसाळ्यात बांधावर उगवणारा, भाजी करून खातात तोच हा टाकळा. संस्कृतात त्याचे एक नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा.

आता माझ्या ट्यूबांकडे येतो. मी विकलेल्या पुष्कळ ट्यूबांत बुरशीचे औषध, जंतूचे औषध आणि जोडीला जोरदार स्टेरॉइड अशी खिचडी असे. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी आत आरामात वाढते. कातडी पातळ होते, जांघेत पांढऱ्या रेषा पडतात, गजकर्णाची ठळक कड पुसट होऊन डॉक्टरलाही ओळखता येईनासे होते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, त्याआधी मी ती लिमलेटच्या गोळ्यांसारखी विकली आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर जे चिवट गजकर्ण पसरले, नेहमीच्या टर्बिनाफिनलाही दाद देईना, त्यामागे या मलमांचा हात आहे असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. त्या बुरशीला २०२० मध्ये नाव मिळाले, त्यात इंडो हा शब्द आहे. भाऊंनी आपले औषध सांगितले नाही म्हणून मी वर त्यांना बोललो. माझ्या ट्यूबवर तर सगळे छापलेले होते, फक्त मी ते कुणाला वाचून दाखवले नाही.

तेव्हा घरोघरच्या वाचकांसाठी, काउंटरवर सांगायचे राहून गेले ते इथे सांगतो. गजकर्ण किंवा नायटा गोल असतो, कड उठावदार आणि खवल्यांची, मधला भाग निवळलेला, आणि खाज भयंकर. जांघ, कंबर, काखा ही त्याची ठिकाणे. शिबं छाती, पाठ, मान, पोरांच्या गालावर. फिकट किंवा तपकिरी, खरवडले की बारीक भुसा, खाज नसल्यासारखीच. चिखल्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात. ही तिन्ही बुरशीची, आणि तिन्ही बरी होतात. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, निदान दोन आठवडे, चालू ठेवायचे. निम्मे लोक इथेच चुकतात. घरात दोघांना असेल तर दोघांनी एकदम औषध घ्यायचे. पंचा, टॉवेल, आतले कपडे ज्याचे त्याचे; गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचे. अंग पुसून कोरडे केल्याशिवाय कपडा चढवायचा नाही. मोठा पसारा असेल, नखात किंवा डोक्यात शिरले असेल, साखर असेल, तर पोटातून गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरनेच द्यायच्या.

आणि एक चट्टा असा, की तो खाजत नाही, त्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात. डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीने हलकेच स्पर्श करा. स्पर्श कळला नाही तर ट्यूब न घेता सरळ सरकारी दवाखाना गाठा. महारोगावर आज सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात आणि माणूस पूर्ण बरा होतो. वेळेत गेले तर बोटेही वाचतात. भाऊ दाजींच्या दारात रांग लावणाऱ्या लोकांना या गोळ्यांची कल्पनाही नव्हती.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास शेजारचा एक सालगडी माझ्या ओट्यावर आला. दुकान आता मुलगा बघतो, पण जुनी माणसे अजून मलाच विचारतात. त्याच्या दंडावर रुपयाएवढा फिकट डाग होता आणि वर्षभर तो वेगवेगळी मलमे चोळत होता. मी देवघरातली एक वात आणायला सुनेला सांगितले. त्याने डोळे मिटले. डागाच्या बाहेर वात टेकवली की तो मान हलवायचा, डागावर टेकवली की गप्प बसायचा. तीनदा करून पाहिले. मग त्याला स्कूटरवर मागे बसवून मी आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. वाटेत त्याने एकच विचारले, की घरच्यांना ताट वेगळे करावे लागेल का? मी नाही म्हटले आणि आत्याची गोष्ट सांगत सांगत स्कूटर चालवत राहिलो.